नेवाड म्हणजे नवीन नव्हे

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी गेलो तोही घरापासून फार लांब नाही, शहाद्याशेजारी लोणखेड्याला. घरी आम्ही भिली बोलतो. खापरच्या बाजारात गेलो की अहिराणी कानावर पडते. मराठी मला शाळेनं दिली, त्यामुळे अजूनही प्रत्येक वाक्य कागदावर ठेवण्याआधी मनात एकदा उभं करून पाहावं लागतं. अशा माणसानं आपल्या घराविषयी लिहायला बसावं का, असं मला वाटत राहतं. त्यात मी पूर्वी एकदा घराविषयी एक कागद लिहिला होता, आणि त्यातल्या एका शब्दामुळे आमची जमीन जायची वेळ आली होती. म्हणून हात कचरतो. तरी लिहितो, कारण चूक माझी होती, आणि ती कशी सुधारली गेली हे मला सांगावंसं वाटतं.

लिहायचं डोक्यात आलं ते इंग्रजीच्या तासाला. एक उतारा होता. अमेरिकेत पूर्वी एक कुटुंब सगळा संसार गाडीत भरून पश्चिमेकडे निघतं, कोणी राहत नाही अशा जागी लाकडाचं घर बांधतं, रान साफ करतं, उपाशी राहतं. सरांनी विचारलं, "पायोनिअर म्हणजे कोण?" कळसाडीच्या बाजूचा एक मुलगा मागून म्हणाला, "सर, आमच्या उसात तोडीला येतात ना पाल टाकून, तसे!" वर्ग हसला. माझे आईबाबा त्याच वेळी गुजरातेत ऊसतोडीला गेलेले होते. मीही थोडा हसलो. मग मान खाली घालून उतारा पुन्हा वाचला. त्यातली बाई भूक लागली तरी बियाणं खायचं नाही म्हणून ते उंच टांगून ठेवते. मला वाटलं, हे मी कुठंतरी ऐकलेलं आहे. माझ्या आजीनं बियाणं भोपळ्यात भरून आढ्याला टांगलं होतं.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. त्या जागी आधीपासून राहणाऱ्या लोकांविषयी उताऱ्यात एकच ओळ होती. ते येतात, त्यांची भीती वाटते, ते निघून जातात. आमच्या गोष्टीतले असे लोक कुठं निघून गेले नाहीत. ते अजून आमच्या खालच्या पाड्यावर राहतात, आणि त्यांच्याशिवाय आमची गोष्ट पुरी होत नाही.

माझा आजा आणि आजी आत्ता राहतात त्या उतारावर दोन डोंगर ओलांडून आले. आज्याच्या घरी भावांमध्ये जमिनीच्या वाट्यावरून वाद झाला आणि तो रागानं निघाला. आजी हे सांगताना दर वेळी हसते. "अर्ध्या वाटेत राग उतरला त्याचा. बसला दगडावर. मी म्हटलं, तू मागं फिरलास तर फिर, मी पुढं एकटी जाते." त्यांच्याजवळ एक कुऱ्हाड, एक मडकं, दोन कोंबड्या आणि बियाण्याचा भोपळा होता. भोपळ्यात ज्वारी आणि मोर, म्हणजे आमच्याकडचं बारीक धान्य.

उतार सगळा दगडाचा होता. दगड उचलून त्यांचेच बांध घातले आणि मागं उरली ती माती शेत म्हणून धरली. बैल नव्हता. पहिल्या वर्षी नांगराला आजा स्वतःला जुंपून घ्यायचा आणि आजी मागे नांगर धरायची. आजी म्हणते, "त्याच्यासारखा बैल पुन्हा मिळाला नाही. नुसतं ओरडलं तरी वळायचा." आजा यावर फक्त विडीचं टोक दुसऱ्या बाजूला वळवतो.

पहिलं पीक रानडुकरांनी खाल्लं. त्या वर्षी दोघांनी मोहाची फुलं उकडून आणि रानातले कंद खणून दिवस काढले, पण भोपळ्याला हात लावला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांची पहिली मुलगी तापानं गेली. शेताच्या वरच्या कोपऱ्यात मोहाखाली एक आडवा दगड आहे. पहिलं कणीस आजी अजून तिथं नेऊन ठेवते. ते का, हे आम्ही कधी विचारलं नाही.

रान साफ करून नव्यानं काढलेल्या शेताला आमच्या बोलीत नेवाड म्हणतात. आमच्या शेताचं तेच नाव पडलं आणि तेच राहिलं. बाबांचा जन्म त्यानंतरचा, माझा तर कितीतरी नंतरचा, पण आजही कोणी विचारलं, "बाबा कुठं गेला?" तर उत्तर येतं, "नेवाडात." लहानपणी मला नेवाड हे एखाद्या गावाचं नाव वाटायचं.

शेत आमचं होतं, पण कागदावर ते जंगल होतं. वनहक्काचे अर्ज भरले जाऊ लागले तेव्हा पाड्यावर लिहिता येणारे फार कोणी नव्हते. मी तेव्हा आश्रमशाळेत दहावीत होतो आणि निबंधात मला चांगले गुण पडायचे. बाबांनी अर्ज माझ्यासमोर ठेवला. मी शाळेतला चांगला पेन काढला. एका रकान्यात जमिनीचं वर्णन लिहायचं होतं. मी आज्याला विचारलं, "काय लिहू?" तो म्हणाला, "नेवाड लिही, अजून काय?"

मला वाटलं, साहेब लोकांना नेवाड कसं कळेल? शुद्ध मराठीत लिहायला हवं. मी विचार केला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: नवीन काढलेली जमीन.

ते लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. हे कबूल करायला आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

अर्ज गेला आणि बरेच दिवस काही झालं नाही. मी बारावी झालो, लोणखेड्याला आलो. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर एक लिफाफा माझी वाट पाहत होता. बाबा उघडायला तयार नव्हते. "तू आल्यावर वाचू म्हटलं. आम्ही उलटा धरला तरी कळायचं नाही." सगळे ओट्यावर बसले. मी वाचायला लागलो. दावा नामंजूर, एवढं पहिल्याच ओळीत होतं. खाली कारण लिहिलं होतं. कायद्यात ठरलेल्या तारखेच्या आधीपासून जमीन कसली जात होती याचा पुरावा नाही, आणि अर्जदारानं स्वतःच ती "नवीन काढलेली जमीन" असल्याचं नमूद केलं आहे.

पहिला भाग मी मोठ्यानं वाचला. दुसरा गिळला.

आज्यानं विचारलं, "अजून काय लिहिलंय?"

"अजून काही नाही. अपील करता येतं म्हणतात. मुदत आहे."

आईनं विचारलं, "म्हणजे आता काढतील आपल्याला?"

 आजी ज्वारी पाखडत होती ती पाखडत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच तालुक्याच्या ऑफिसात गेलो. घरी सांगितलं, अपिलाची चौकशी करतो. तिथले कारकून खालच्या सपाटीवरचे होते, अहिराणी बोलणारे. त्यांनी फाइल काढली, तो रकाना बोटानं दाखवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हाई कोनी लिखेल शे?"

"मी."

"तूच लिखेल शे? मंग तूच तुन्हा आजाले खड्डामा टाकेल शे ना भाऊ!"

मी उभाच राहिलो. त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी बाकाकडे हात केला. "बैस. रडू नको. नेवाड म्हनजे काय, माले माहीत शे, मी इठे बरा दिवस काढेल शेत. पन वर बसेल शेत त्यासले काय माहीत? आते असं कर. जुना मानूस धुंडी काढ. घरना नको, बाहेरना. त्यानी ग्रामसभामा सांगाले पाहिजे की हाई मानूस इतला साल पासून इठेच शे. ते लिखी आन. बाकी मी दखस." म्हणजे बाकीचं ते बघणार होते.

बसमधून परत येताना मला एकच माणूस आठवत होता. खालच्या पाड्यावरचा म्हातारा. आम्ही मुलं त्याला लहानपणापासून खालचा आजा म्हणतो. आमच्या शेतात लाहा असला की तो दर वर्षी येतो. लाहा म्हणजे मजुरी न घेता एकमेकांच्या शेतात कामाला जायचं आणि ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं. खालचा आजा आता वाकला आहे, निंदणी त्याच्यानं होत नाही, तरी येतो, बांधावर आज्याशेजारी बसतो, दोघं विड्या ओढतात आणि फारसं बोलत नाहीत. मला तो नात्यातलाच वाटायचा.

घरी आल्यावर मी उत्साहानं म्हणालो, "खालच्या आज्याला विचारू. त्याला माहीत असेल तुम्ही कधी आलात."

आजा एकदम म्हणाला, "त्याला काही विचारायचं नाही."

"पण का?"

"नाही म्हटलं ना. दुसरा कोणी बघ."

दुसरा कोणी नव्हता. त्या वयाची माणसं गेली होती, किंवा नात्यातली होती. बाबांनीही दोनदा विषय काढला. आजा उठून नेवाडात निघून गेला.

चौथ्या दिवशी मी आजीबरोबर झऱ्यावर पाण्याला गेलो. हंडा भरत असताना मी तिला सगळं सांगितलं. कोणता शब्द लिहिला ते सांगितलं. कागद वाचताना एक ओळ गिळली तेही सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. तिनं हंडा डोक्यावर घेतला, पुन्हा खाली ठेवला आणि दगडावर बसली.

"म्हणजे तू नेवाडला नवीन लिहिलंस."

"हो."

"मग बरोबरच लिहिलंस की. आम्ही पण तेच म्हणायचो. नवीन होतं तेव्हा." आणि ती हसायला लागली. मी रडत होतो आणि ती हसत होती. मग हसणं थांबवून तिनं मला जे सांगितलं ते बाबांनाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या वर्षाची गोष्ट. तो उतार ओसाड नव्हता. आमचा झरा खालच्या पाड्याच्या पाटाला मिळायचा. पाट म्हणजे दगड आणि माती लावून डोंगराच्या कडेनं नेलेला पाण्याचा अरुंद मार्ग. त्यांच्या बापजाद्यांनी तो बांधला होता, त्यावर त्यांची भातं व्हायची. वर दोन नवी माणसं येऊन बसली, झाडं तोडू लागली, झऱ्याचं पाणी घेऊ लागली, हे त्यांना कसं सहन व्हावं? खालचा आजा तेव्हा जवान होता. त्यानं दोनदा येऊन सांगितलं, निघा. आमचा आजा निघाला नाही. मग एक दिवस दोघं कंद खणायला गेले असताना झोपडी जळाली. आजीच्या पोटात तेव्हा माझी मोठी आत्या होती. राख अजून गरम होती आणि आजा खाली पळत गेला. तो माणसांवर गेला नाही, पाटावर गेला. कुऱ्हाडीनं पाट फोडला. त्या वर्षी खालच्या लोकांची भातं वाळली.

"मग?"

"मग भांजगड झाली. नऊ पंच बसले. दोन दिवस चालली." भांजगड म्हणजे पंचांपुढं भांडण मिटवायची आमची रीत. पंचांनी ठरवलं, आज्यानं पाट बांधून द्यायचा आणि खालच्या लोकांनी लाहा करून आम्हाला नवी झोपडी बांधून द्यायची. झऱ्याचं पाणी दोघांचं. मग मोहाच्या दारूची धार जमिनीवर पाडली, दोघांना एकाच पानातून थेंब पाजला आणि भांडण मिटलं. ज्या भांडणावर धार पडली त्याचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. काढलं तर सगळं पुन्हा उघडलं.

"म्हणून तो बोलू देत नाही," आजी म्हणाली. "आम्ही कधी आलो हे सांगायचं म्हटलं की खालच्या म्हाताऱ्याला पहिलं तेच सांगावं लागेल. त्यानं आम्हाला पाहिलंच मुळी हाकलायला आला तेव्हा."

 पुरावा होता, आणि तो बोलायचा नव्हता.

आजीनं पदरानं तोंड पुसलं. "पण मला सांग, धार पडली तेव्हा बाया कुठं होत्या?"

"कुठं?"

"लांब. नऊ पंचांच्या भाकरी थापत. मला कोणी थेंब पाजला? नाही. मग माझ्या तोंडाला कुणी बांधलंय?" तिनं हंडा उचलला. "कधी आहे म्हणतोस तुझी ती सभा?"

अपील केलं. काही आठवड्यांनी प्रकरण पुन्हा ग्रामसभेकडे आलं, तेव्हा मी कॉलेजातून घरी आलो. सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. पुरुष पुढं, बाया मागं भिंतीशी. ग्रामसेवक टेबलाशी होते. लिहून घ्यायला त्यांनी मलाच बसवलं, आणि वही समोर ठेवल्यावर माझा हात आधीसारखा धीट राहिला नाही. आजा एका खांबाला टेकून बसला होता. आजी काय करणार हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खालचा आजा त्याच्या मोठ्या मुलाबरोबर आला होता.

ग्रामसेवकांनी विचारलं, "या जमिनीबद्दल कोणाला काही सांगायचंय का?"

आजी उठली. पुढून कोणीतरी म्हणालं, "काकी, तू कशाला? तुझा नातू बोलेल की, तो शिकलाय."

"तो शिकलाय म्हणून तर हे झालं," आजी म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो, या वेळी खरोखर.

मग तिनं सांगितलं. कुठून आलो, काय घेऊन आलो, किती दगड उचलले. आजा मान वर करून तिच्याकडे बघायला लागला. ती थांबली नाही. ती म्हणाली, "तिसऱ्या वर्षी आमची झोपडी जाळली. संध्याकाळची वेळ होती. माझी मुलगी पोटात होती. ही बघा, इथं बसलीय, हिला आता नातवंडं आहेत. एवढ्या वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा ते शेत होतं म्हणून तर जाळायला माणूस आला. रिकाम्या रानात कोण कशाला काय जाळेल?"

 कोणी जाळली हे ती बोलली नव्हती. पण जुन्या माणसांच्या नजरा खालच्या आज्याकडे गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग सगळ्यांच्या. त्याचा मुलगा बापाकडे बघत होता. त्यालाही माहीत नव्हतं.

खालचा आजा काठी टेकत उठला. "खोटं बोलते ही," तो म्हणाला.

माझ्या हातातला पेन थांबला. आता सगळं संपलं असं मला वाटलं. तो नाही म्हणाला तर दुसरं कोणी नव्हतं.

"संध्याकाळ नव्हती. दुपार होती. ऊन डोक्यावर होतं. संध्याकाळी कोण घर जाळतं? सगळ्या डोंगरावरून जाळ दिसला असता. मी जाळली. दुपारी."

"संध्याकाळ होती," आजी म्हणाली. "आम्ही आलो तेव्हा संध्याकाळ होती."

"तुम्ही आलात संध्याकाळी! जळाली दुपारी. आणि भोपळा आधी बाहेर काढून ठेवला मी. बियाणं कोणी जाळत नाही."

 तो भोपळा मोहाखाली, त्या आडव्या दगडाजवळ, त्यांना सापडला होता. त्या बियाण्यावर पुढचं वर्ष निघालं. पन्नासेक वर्षं ती असं धरून चालली होती की आपल्या गेलेल्या मुलीनं तो सांभाळला. हे तिनं मला नंतर सांगितलं. त्या वेळी ती फक्त एवढंच म्हणाली, "तू होतास होय?"

"मग काय, कोंबड्यांनी उचलून नेला?"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. कारण आता माझा आजा खांब धरून उठत होता. मला वाटलं तो चिडलाय. तो ग्रामसेवकांना म्हणाला, "हे उघडलंच आहे तर नीट लिहा. पाट मी फोडला. दोन जागी."

"तीन," खालचा आजा म्हणाला.

"दोन."

"तीन! तिसरी जागा मी पंचांना दाखवली नाही. दाखवली असती तर तुला वर दंडाचा एक बोकड पडला असता."

यावर जो हशा उठला तसा मी आमच्या ग्रामसभेत कधी ऐकला नव्हता. दोघं म्हातारेही हसत होते. ग्रामसेवक कपाळ पुसत मला म्हणाले, "हे सगळं लिहायचं का रे?"

"सगळं लिही," खालच्या आज्यानं मलाच सांगितलं. "मी जाळली असं लिही. त्या वर्षी माझा हा मोठा पोरगा जन्मला. दहा दिवसांचा होता. त्याची आई मला म्हणाली होती, पोर घरात आलंय आणि तू दुसऱ्याचं घर पेटवायला कुठं निघालास?"

त्याचा मुलगा शाळा शिकलेला होता. तो घरी जाऊन शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आला. त्यावर जन्मतारीख एक जून. आमच्याकडे ज्याची तारीख माहीत नाही त्याला गुरुजी एक जून लिहितात, माझीही एक जूनच आहे. पण वर्ष तरी खऱ्याच्या जवळचं होतं, आणि आम्हाला वर्षच हवं होतं.

मी जबाब लिहिला. या वेळी जिथं नेवाड आलं तिथं नेवाड असंच लिहिलं, आणि पुढं लिहिलं: "हे गावच्या बोलीतील या शेताचे नाव आहे. शेत नवीन होते तेव्हा पडलेले." मग वाचून दाखवलं. दोघांनी अंगठे दिले. आजीचा अंगठाही घेतला, कारण तिनं मागितला.

भांडण उघडलं होतं, म्हणून ते पुन्हा मिटवावं लागलं. त्याच दिवशी, ऊन कलायच्या आत, झऱ्याजवळ धार पाडली. पंच नव्हते, जमले ते सगळेच पंच. पानातून थेंब द्यायची वेळ आली तेव्हा खालच्या आज्यानं पान आधी आजीपुढं धरलं. "हिला आधी. नाहीतर पुन्हा कुठं जाऊन बोलेल." आजीनं थेंब घेतला. तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आता बोलणार नाही. पण दुपार होती हे मी मानलेलं नाही."

मग मी लोणखेड्याला परत आलो आणि वाट पाहणं सुरू झालं. समितीची माणसं शेत पाहून गेली असं कळलं. त्यांनी बांध मोजले, मोहाखालचा दगडही पाहिला. मग काही नाही. मी दर आठवड्याला फोन लावायचो. आमच्या पाड्यावर फोन फक्त एका मोठ्या दगडावर चढल्यावर लागतो, त्याला सगळे टावर-दगड म्हणतात, त्यामुळे बहुतेक वेळा लागायचाच नाही. परीक्षेचे पेपर दिले. आईबाबा गुजरातेतून परत आले. माझ्या मनात मी तो रकाना पुन्हा पुन्हा भरत होतो.

त्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या वाचनालयात होतो. फोन थरथरला तसा बाहेर पळालो. बाबा होते. वारा एवढा होता की निम्मं ऐकूच येत नव्हतं. ते ओरडत होते, "आला! जमिनीचा पट्टा आला! खाली सगळ्यांसमोर दिला!" मागं बरीच माणसं बोलत होती, आणि त्यात खालच्या आज्याचा खोकला मला स्पष्ट ओळखू आला. म्हणजे तोही त्या दगडावर चढला होता, त्या वयात.

मी म्हणालो, "बाबा, काय लिहिलंय ते वाचा. हळूहळू वाचा."

बाबा तेवढे शिकलेले नाहीत, पण ते आमच्या मोठ्या आत्याच्या नातीकडून अक्षर अक्षर लावून वाचून घेत होते. गट, क्षेत्र, चारी बाजूंच्या सीमा. मी व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसून प्रत्येक शब्द परत विचारत होतो. नवीन हा शब्द कुठंच नव्हता. मग नावं आली. आज्याचं नाव तिनं वाचलं आणि ती थांबली. पुढं अजून काहीतरी होतं. बाबा म्हणाले, "थांब, थांब, आजी फोन मागतेय."

थोडा वेळ नुसता वारा. मग आजी. ती फोनवर नेहमी डोंगराच्या पलीकडल्या माणसाशी बोलावं तशी मोठ्यानं बोलते.

"ऐकलंस का? त्याच्यानंतर माझं पण नाव आहे. पोरीला दोनदा वाचायला लावलं मी."